खालची अक्षरं

आमच्या गल्लीत टीव्ही, मोबाइल, वायफाय असलं काही अडलं की मला हाक येते. इंग्लिश मीडियमची मुलगी म्हणजे तिला यंत्रांतलं सगळं कळतं, असा एक समज आहे. तो खोडून काढण्याइतकं मी कधी कुणाशी बोललेले नाही. त्यामुळे मी जाते, बटणं दाबते, चहा नको म्हणते आणि परत येते. इंग्रजी सिनेमाच्या बाबतीत बहुतेकांची तक्रार एकच असते, खालची अक्षरं येत नाहीत. शेजारच्या रो हाउसमधल्या मुळेकाकांची तक्रार उलटी होती.

"ही खालची अक्षरं तेवढी घालव बरं," ते म्हणाले. "डोळ्यापुढं माशीवानी फिरायलीत."

टीव्हीवर कुठल्यातरी बर्फाळ देशातला सिनेमा थांबवून ठेवला होता. एक म्हातारी बाई दारात उभी, तोंड अर्धवट उघडं. भाषा मला ओळखूही येत नव्हती.

"काका, मग कळणार कसं?"

"उंबऱ्यावर किती वेळ उभी आहे बघितलं का? तिला आत यायचं नाही. एवढं कळायला अक्षरं कशाला लागतात?"

मी अक्षरं बंद केली. त्या दिवशी चहाला नाही म्हणायचं राहून गेलं.

वसंत मुळे अजिंठ्याचे गाइड होते, जपानी पाहुण्यांचे. आजोबा भिक्षुक, वडील कचेरीत कारकून, आणि हे कॅसेटी ऐकून ऐकून जपानी शिकलेले. सडपातळ अंग, कडक इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, वरच्या खिशात दोन पेनं आणि पँटच्या खिशात बॅटरी. भर दुपारी भाजी आणायला निघाले तरी बॅटरी सोबत असायची. रस्त्यानं चालताना दर वीस-पंचवीस पावलांवर ते थांबून मागं वळून बघत. मागं कुणी नसे. सुधाकाकू गॅलरीतून ओरडत, "आले का सगळे? मोजून घ्या, एखादा राहील कोपऱ्यावर!" काका बोटानं हवेत मोजल्यासारखं करत आणि पुढं जात.

लेण्यात त्यांची एक पद्धत होती. पाहुण्यांना आत नेलं की बॅटरी बंद ठेवायची आणि दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. डोळे अंधाराला सरावले की भिंतीतून एकेक चेहरा वर येतो. तो आला की मग काका बोलायला लागत. "आधी बघा. मी कुठं पळून चाललो?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पाहुण्यानं प्रश्न विचारायच्या आधीच ते उत्तर देत. पाहुणे थक्क होत. काकांना त्यात विशेष काही वाटत नसे.

"कुठल्या चित्रापुढं कोण काय विचारणार, हे ठरलेलं असतं," ते सांगत. "माणूस विचारायच्या आधी श्वास आत घेतो. तेवढ्यात ओळखायचं. हा निळा रंग कशाचा केला, नाहीतर तो तिथंच का उडाला. कमळवाल्या चित्रापुढं तर प्रश्नच नसतो. बायकांचा हात आपोआप छातीशी जातो. तिथं मी फक्त मान लववतो."

सिनेमे असे का बघता, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. "जन्मभर लोकांना सांगतच आलो, हे बघा, ते बघा," ते म्हणाले. "घरी तरी मला कुणी सांगू नये." हे उत्तर मला फार आवडलं होतं. ते खरंही होतं. फक्त पुरतं नव्हतं.

सिनेमा रविवारी चार वाजता. प्रेक्षक चौघं. काका खुर्चीत, काकू खाली बसून मेथी निवडत किंवा शेंगा फोडत, मी दाराजवळच्या स्टुलावर आणि सोफ्यावर रफीकभाई. रफीकभाईंनी काकांच्या पाहुण्यांची गाडी वीस वर्षं चालवली होती. ग्रुप असला की अजूनही तेच चालवत. काही सिनेमांत खालची अक्षरं चित्रातच पक्की बसलेली असत, कुठल्याही बटणानं जात नसत. त्यासाठी काकूंनी ब्लाउजच्या काळ्या अस्तराची एक पट्टी शिवून दिली होती. ती टीव्हीच्या खालच्या काठावर कपड्यांच्या चिमट्यांनी लावायची. कधीकधी माणसांचे पाय आणि जमिनीवरची कुत्री त्या पट्टीमागं जात. त्याची कुणी तक्रार करत नसे.

नियम असा की भाषा चौघांपैकी कुणालाच येणारी नको. म्हणून जपानी सिनेमा कधीच नाही. संपल्यावर चहा, आणि चहाबरोबर प्रत्येकानं आपल्याला दिसलेली गोष्ट सांगायची.

काकूंना प्रत्येक सिनेमात घरातलं भांडण दिसे. "ती सासूच आहे. सख्खी आई असं ताट सरकवत नसते," असं त्या इतक्या खात्रीनं म्हणत की आम्हाला ती सासू वाटायलाच लागे. रफीकभाईंचं लक्ष गाड्यांवर.

"वो ड्रायव्हर को सब मालूम था, काका. पैल्या सीनपासून. ड्रायव्हर लोकांला सगळं माहीत असतंय, बोलत नाय इतकंच."

"मग बोलायचं की!" काकू म्हणत.

"बोलला तर नोकरी जाती ना, भाभी."

माझ्या गोष्टी आखूड असत. "काय गं, इंग्लिश," काका मला एकदा म्हणाले. इंग्लिश हे त्यांनी मला दिलेलं नाव. "तुझ्या गोष्टीत कुणी कुणाशी बोलतच नाही. नुसते खिडकीतून बघतात." सगळे हसले. मीही हसले. घरी जाऊन त्यावर बराच वेळ विचार केला.

एकदा मी लबाडी केली. सिनेमाचं नाव आधी कळलं होतं म्हणून मोबाइलवर त्याची सगळी कथा वाचून गेले. मग चहाच्या वेळी अडखळत, विचार करत असल्यासारखी ती सांगितली. काकूंनी तर टाळी वाजवली. काका बशीत चहा ओतत म्हणाले, "बाहेरून काढली ना?"

मी कप खाली ठेवला.

"आज तू सिनेमा बघत नव्हतीस. तपासत होतीस. एक माणूस खोलीत यायच्या आधीच तू दाराकडं बघितलंस."

माणसाच्या चेहऱ्याकडे इतकं बारीक बघणारा दुसरा माणूस मला माहीत नव्हता. ते इतकं बारीक का बघत असतील, हा प्रश्न मात्र मला तेव्हा पडला नाही.

मग तो कोळ्यांच्या सिनेमाचा रविवार आला. आदल्या दिवशी सिनेमा नीट चालतोय का हे बघायला मी गेले होते. काकू झोपल्या होत्या म्हणून माझे बिनतारी इअरफोन त्या टीव्हीला जोडले होते, आणि निघताना डबीत न ठेवता तसेच पर्समध्ये टाकले होते. रविवारी सिनेमा सुरू झाला. समुद्र, धुकं, जाळं विणत बसलेले बाप आणि मुलगा. आवाज काहीच नाही. मला वाटलं, शांत सिनेमा आहे. काकूंनाही तसंच वाटलं असावं. मग बाप-लेक समोरासमोर उभे राहिले, दोघांची तोंडं उघडमीट व्हायला लागली आणि तरीही आवाज नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं. इअरफोन आपोआप पुन्हा टीव्हीला जोडले गेले होते. आवाज माझ्या पर्समध्ये होता.

मी सांगणार, एवढ्यात काकांनी बोट वर केलं.

"हा आवाज ऐका. भांडतोय, पण आवाज खाली आणलाय बघा म्हाताऱ्यानं. म्हणजे माफ केलं त्यानं पोराला."

खोलीत पंखा फिरत होता, दुसरा कसलाही आवाज नव्हता. रफीकभाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काकूंच्या हातातली मेथीची काडी तिथंच थांबली. त्यांनी टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि अगदी किंचित मान हलवली. नको.

मी पर्समध्ये हात घालून चाचपडत इअरफोन बंद केले. त्याबरोबर लाटा, वारा आणि समुद्रपक्षी असं सगळं एकदम खोलीत घुसलं, पूर्ण आवाजात. रफीकभाई दचकून सोफ्यावर सरळ झाले. माझ्या हातून पर्स पडली. काका होते तसेच बसून होते. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

मी कप ठेवायला आत गेले तेव्हा काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"दोन वर्षं झाली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. हळू बोलायची खरं तर गरज नव्हती. "आधी उजवा गेला, मग डावा. मशीन घ्या म्हणलं तर म्हणतात, कानात मशीन घातलेला गाइड कोण घेईल? टूरवाली कंपनी दुसऱ्या दिवशी नवा माणूस उभा करील. आणि लेण्यात जायचं बंद झालं तर हा माणूस घरात करणार काय, तूच सांग."

"मग लेण्यात कसं करतात?"

"पाठ आहे की सगळं. ओठ बघतात, मान बघतात. निभतंय. तू बोलू नको गं कुठं."

"नाही बोलणार," मी म्हणाले. न बोलणं मला कधीच अवघड गेलेलं नाही.

रफीकभाई दारात चपला घालत होते. "आपल्याला तर कवाच माहीत आहे," ते म्हणाले. "मागून हॉर्न मारला तरी पलटत नाहीत."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. त्यानंतरच्या रविवारी मला तो नियम वेगळा दिसायला लागला. आठवड्यातले ते दोन तास असे होते की त्या खोलीत कुणालाच काही कळत नसे. तिथं काका कुणापेक्षा कमी नव्हते.

डिसेंबरात काका म्हणाले, "इंग्लिश, एवढी जवळ राहतेस आणि माझं खरं काम बघितलं नाहीस. गुरुवारी ये." मी सुट्टी टाकली. नऊ पाहुणे होते, बहुतेक वयस्कर, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या देशातून आलेली एक तरुण मुलगी, ग्रुप सांभाळणारी. सिल्लोड मागं पडेपर्यंत काका गाडीत समोर उभे राहून बोलत होते. मला एक शब्द कळत नव्हता, पण पाहुणे कधी हसणार हे मला काकांच्या भुवयांवरून आधी कळत होतं. रविवारच्या सरावाचा उपयोग झाला म्हणून मला उगाच बरं वाटलं.

पहिल्या लेण्याबाहेर सगळ्यांनी बूट काढले. आत अंधार. दोन मिनिटं शांतता. मग काकांचा आवाज, घरी असतो त्यापेक्षा खोल. बॅटरीचा उजेड भिंतीवरून हळू सरकत होता. कुणी श्वास आत घेतला की काका तिकडं वळत आणि बोलायला लागत, आणि तो पाहुणा तोंडावर हात ठेवून शेजारणीकडं बघे, यांना कसं कळलं म्हणून. मला ठाऊक होतं, तरी मीही थक्क झाले.

कमळवाल्या चित्रापुढं एका बाईंचा हात छातीशी गेला. सत्तरीच्या, बारीक, डोक्यावर कापडी टोपी. त्या अगदी हळू काहीतरी म्हणाल्या. काका त्यांच्याकडं बघून हसले, मान लववली, दोन शब्द बोलले आणि उजेड पुन्हा चित्रावर नेला.

मी त्या बाईंच्या बाजूला उभी होते. त्यांचा दुसरा हात मला दिसत होता. तो मागं हवेत भिंत शोधत होता, आणि भिंत तिथं नव्हती. त्यांना आधार हवाय, हे मला कळलं. ओरडायला हवं होतं. मी काय केलं, तर काकांकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघावं म्हणून. ते चित्राकडं बघत होते. त्या बाई पुन्हा काहीतरी म्हणाल्या, आणि गुडघ्यांत दुमडून खाली बसल्या, मग कलंडल्या.

पुढचं सगळं घाईचं. डोलीवाल्यांनी त्यांना खाली नेलं, डॉक्टर आले. रक्तदाब एकदम उतरला होता. सलाइन लावल्यावर तासाभरात त्या उठून बसल्या आणि उलट सगळ्यांची माफी मागत राहिल्या. तोपर्यंत काका बाहेर झाडाखाली उभे होते. ग्रुप सांभाळणारी मुलगी त्यांच्याशी बोलायला आली. ती रडवेली होती, खाली मान घालून बोलत होती. तिचे ओठ दिसत नव्हते. काका म्हणत राहिले, पुन्हा सांगा, पुन्हा सांगा. शेवटी तिला कळलं. तिनं दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद उलटा केला, दोन ओळी लिहिल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. काकांनी चष्मा लावला. त्या दोन ओळी वाचायला त्यांना फार वेळ लागला.

परतताना ते माझ्या शेजारी येऊन बसले. पाहुणे मागं पेंगत होते. त्यांनी तो कागद माझ्यापुढं धरला. मला जपानी कुठं येतं?

"पहिली ओळ," ते बोट ठेवून म्हणाले, "मला उभं राहवत नाही. दुसरी, मला धरा."

त्यांनी कागदाची घडी घातली.

"आणि मी त्यांना काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, इथं सगळ्यांचं असंच होतं."

गाडी एका गावातून जात होती. रफीकभाईंनी हॉर्न दिला. काकांनी माझ्या तोंडाकडं नीट बघत विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"कोळ्यांच्या सिनेमापासून. आवाज बंद होता, काका."

"पुरा बंद?"

मी मान हलवली.

"बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच असतं. लई वाटलं असतं," ते म्हणाले. "पण त्या बाईला हवेत भिंत शोधावी लागली नसती."

म्हणजे तो हात त्यांनीही बघितला होता. बघितला होता आणि त्याचा अर्थ दुसरा लावला होता. रफीकभाई समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाले, "गलती हमारी भी है, काका." ते काकांना ऐकू गेलं नाही आणि रफीकभाईंनी पुन्हा म्हटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी काका कंपनीत गेले आणि यापुढं ग्रुप घेणार नाही असं लिहून देऊन आले. कुणी मागितलं नव्हतं. मग कानाचं मशीन आलं. पहिला आठवडा घरात युद्ध होतं. "आता भांडं ठेवलं तरी ओरडतात, हळू म्हणून!" काकू गॅलरीतून सांगायच्या. "बत्तीस वर्षं मी हळूच ठेवत होते का?"

रविवारी ते मला म्हणाले, "ती खालची अक्षरं लाव."

मी लावली. चष्मा नाकावर घेऊन, ओठ हलवत, काका प्रत्येक ओळ वाचत होते. सिनेमातल्या माणसांकडं बघायला त्यांना वेळच मिळत नव्हता. संपल्यावर चहा झाला आणि सांगायला कुणाकडंच काही नव्हतं. रफीकभाई बशी पुसत म्हणाले, "आता काय सांगायचं? सगळं लिहूनच आलंय." असे तीन-चार रविवार गेले. ते फार कंटाळवाणे होते आणि तसं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

मग एकदा काकांनीच काळी पट्टी कपाटातून काढली. "आधी असंच बघू," ते म्हणाले. "मग पट्टी काढून पुन्हा बघू. कुठं चुकलो ते कळलं पाहिजे." तेव्हापासून प्रत्येक सिनेमा दोनदा. पहिल्यांदा चार गोष्टी, दुसऱ्यांदा एक. काकूंची सासू एकदा खरंच सासू निघाली, तेव्हा त्यांनी आम्हाला शिरा खाऊ घातला. बाकी आम्ही भरपूर चुकत होतो.

कोळ्यांचा सिनेमा पुन्हा लावा, असं काकांनीच सांगितलं. बाप-लेक समोरासमोर आले तेव्हा ते पुढं झुकले. बाप म्हणत होता, आजपासून या घरात यायचं नाही. काकांनी सिनेमा थांबवायला लावला.

"आवाज खाली आणलाय का त्यानं?" त्यांनी मला विचारलं. मशीन असूनही.

"हो काका. खालीच आणलाय."

"हं," ते म्हणाले. "म्हणजे अर्धं बरोबर होतं." आणि सिनेमा पुढं चालू करायची खूण केली.

गेल्या वर्षी ते दोघं मुलीकडं पुण्याला राहायला गेले. त्यांच्या घरात आता दुसरं कुटुंब आहे. त्यांच्या टीव्हीवर मी अक्षरं लावून देते.

जायच्या थोडं आधी काका मला शेवटचे दिसले ते लेण्यातच. कंपनीनं त्यांना नव्या गाइडांना शिकवायला बोलावलं होतं आणि मी आमच्या ऑफिसच्या पाहुण्यांबरोबर गेले होते. पहिल्या लेण्यात एक नवी गाइड, माझ्याच वयाची, जपानी ग्रुपपुढं बोलत होती. काका मागं खांबाशी उभे होते. कमळवाल्या चित्रापुढं एका बाईंचा हात छातीशी गेला. ती मुलगी हसून मान लववणार तोच काका पुढं आले. मशीनचा कान त्या बाईंच्या तोंडाजवळ नेऊन त्यांनी काहीतरी विचारलं. त्या आधी गोंधळल्या, मग लाजून हसल्या आणि खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा ओढून दाखवला.

"पट्टा काचत होता," काका त्या मुलीला म्हणाले. "तरी विचारायचं."

बाहेर उन्हात ते बूट घालून एकटेच पायऱ्यांकडं निघाले. मी आमच्या लोकांसह बरीच मागं होते. वीस-पंचवीस पावलांवर ते सवयीनं थांबले आणि वळून बघायला लागले. डोळ्यांवर ऊन येत असावं, त्यांनी कपाळावर हात धरला.

माझ्या बरोबर ऑफिसचे सहा लोक होते. त्यांच्यासमोर मी आजवर जोरात बोललेलीही नव्हते.

"आलो सगळे, काका!" मी ओरडले.

ते त्यांना ऐकू गेलं. त्यांनी बोटानं आम्हाला मोजलं, एकेकाला, आणि पुढं चालायला लागले.